ह्यू रॅमसेचा धूर

"माझ्या धुराकडे लक्ष ठेव गं, म्हातारे."

ह्यू रॅमसे टेकडी उतरून कधी खाली आला, की परत निघताना हेच म्हणायचा. आणि ग्रिझेल मॅक्कून दरवेळी त्याला तेच ऐकवायची, "मला दुसरं काम नाही वाटतं?"

खरं तर नव्हतंच. व्हर्जिनियाच्या डोंगरांत वस्ती जिथे संपते तिथे ग्रिझेलचं लाकडी खोपट होतं, आणि ओढ्यापलीकडे, टेकडीच्या खांद्यावर ह्यूचं. त्यापुढे नुसतं रान. तिचा नवरा मातीआड गेला होता, मुली लग्न होऊन दूरच्या खोऱ्यांत नांदत होत्या. सकाळी उठल्यावर ती आधी दार उघडून वर बघायची. धूर दिसला की मग मक्याच्या पेजेचं भांडं चुलीवर चढायचं. त्या मुलखात रीतच होती. शेजाऱ्याचा धूर दिसला नाही तर शिंग फुंकायचं, आणि शिंग ऐकलं की हातातलं टाकून बंदूक घेऊन धावायचं. घर जळालं असेल, माणूस मेला असेल, नाहीतर हल्ला झाला असेल. चौथं कारण कुणाच्या मनातच येत नसे.

ह्यूच्या चुलीतला विस्तव त्याच्या बायकोने, जेनेटने पेटवलेला होता. नवी नवरी म्हणून आली त्या संध्याकाळचा. पुढे ती तापाने गेली, पण विस्तव ह्यूने जाऊ दिला नाही. झोपताना निखारे राखेत झाकायचे, पहाटे फुंकून जागे करायचे. त्यापायी तो शिकारीला कधी लांब गेला नाही. खोऱ्यात त्याच्यासारखा नेमबाज नव्हता, पण दूरच्या नद्यांवर टोळ्या निघत तेव्हा तो दारात उभा राहून त्यांना जाताना बघायचा. खायचा एकटा, बोलायचाही एकटाच. "ह्यूची बायको चुलीत राहते," असं लोक म्हणत. तो ऐकून न ऐकल्यासारखं करी.

त्या उन्हाळ्यात उत्तरेकडून बातमी आली, इंग्रज राजाच्या फौजेशी आपल्या लोकांची लढाई जुंपली. आपली बंदूक घेऊन येणारे स्वयंसेवक हवे होते. प्रार्थनाघरासमोरच्या कुरणात इतकी माणसं लोटली, की कॅप्टनने फळीवर कोळशाचा ठिपका काढला आणि सांगितलं, जो हा उडवील तोच येईल.

ह्यू नुसता बघायला आला होता. डेव्ही गलब्रेथ म्हणून एक वात्रट गडी होता, त्याने डिवचलं, "मामा, घरी विचारून आलात ना? चूल रागवेल हं!"

ह्यूने त्याच्याच हातातली बंदूक मागून घेतली. ठिपका गेला. फळीत भोक राहिलं.

हसणं थांबलं. मग डेव्हीच ओंडक्यावर जरा सरकला. "बसा इथं. आमच्या पातेल्याला एक माणूस कमीच आहे." मोहिमेवर सहा जणांत एक पातेलं असे. ह्यू बसला. ग्रिझेल लांबून बघत होती. त्याने भाकर मोडली आणि न बघता अर्धी शेजाऱ्यापुढे केली. हाताला अजून आठवत होतं.

परतताना तिने विचारलं, "जाणार?"

"विस्तवाचं काय करू?"

"मला दे. माझ्या चुलीत ठेवीन."

"तुझ्या चुलीत गेला की तो तुझा झाला. त्यातला जेनेटचा कुठला, ते कसं कळायचं?"

"मग रोज वर येऊन लाकूड घालीन."

त्याने तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "तू वर पोचेस्तोवर लढाई संपेल, म्हातारे."

ओढ्यापाशी तो वळला, आणि धुराचं काही बोललाच नाही. राहू दे इथंच, असं ग्रिझेलच्या मनात आलं. तो राहिला तर आपली सकाळ राहील. असं वाटणं तिला बरं वाटलं नाही, पण वाटलं खरं.

स्वयंसेवकांची टोळी निघायची त्या दिवशी उजाडलं, तेव्हा टेकडीवर धूर नव्हता.

ग्रिझेल बराच वेळ दारात उभी राहिली. तो गेला म्हणावं, तर त्याची वाट तिच्याच अंगणातून जायची. अंगणातून कुणीच गेलं नव्हतं. तिने खुंटीवरचं शिंग काढलं आणि फुंकलं. दम लागला. पुन्हा फुंकलं.

टोळी तेव्हा खिंडीच्या तोंडाशी पोचली होती. सगळीच्या सगळी उलटी फिरली. अक्रोडाच्या सालीत रंगवलेल्या अंगरख्यांची माणसं ओढ्यातून पाणी उडवत टेकडीवर धावली. त्यांच्यामागून काठी टेकत, कण्हत ग्रिझेल चढली.

वर सगळे दाराभोवती उभे होते.

"मामा मेलेले नाहीत," डेव्ही तिला म्हणाला. "मी विचारून घेतलं."

आत ह्यू चुलीसमोर बसला होता. पाठीला वळकटी बांधलेली, बंदूक मांडीवर. चुलीत नुसती राख.

"विस्तव कुठंय रे?"

"गेला. माझ्या पाठीमागं एकटा विझायला नको म्हणून बसून राहिलो. लाकूड घातलं नाही. पहाटे गेला. मग उठताच येईना."

"मेल्या, मी शिंग फुंकलं की!"

"ऐकलं ना. वाटलं, कुणाच्या तरी घरावर आलं. धावायला हवं." त्याने दाराकडे पाहिलं. तिथे धापा टाकणारी माणसं दाटीने उभी होती. "तर हे सगळे माझ्याच दारात."

कॅप्टन वैतागला होता. "सकाळ वाया घालवलीस. आता तरी येतोस का?"

डेव्ही आत आला, आणि काही न विचारता त्याने ह्यूचा भाकरीचा झोळा आपल्या खांद्याला अडकवला.

ह्यू उठला. गुडघ्यांवरची राख त्याने झटकली नाही. दारात ग्रिझेलजवळ थांबून म्हणाला, "आता लक्ष कुठं ठेवशील?"

"मला दुसरं काम नाही वाटतं?" ती म्हणाली.

रांग उतरणीला लागली. ह्यू मधोमध होता, पुढेही माणसं, मागेही माणसं. वळणावर तो क्षणभर थांबला. वर त्याने पाहिलं नाही. खाली, ग्रिझेलच्या छपरातून तिच्या चुलीचा धूर अजून निघत होता, तिकडे पाहिलं. मग झाडीत शिरला.

थंड चुलीच्या त्या घराच्या उंबऱ्यावर बसून ग्रिझेल बघत होती.