आत्याचा सर्व्हर रविवारी बंद

पत्र ज्याचं त्याला मिळालंच पाहिजे, या गोष्टीवर माझ्या आत्याइतका विश्वास असलेलं माणूस आता जगात उरलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. अडतीस वर्षं पोस्टात काढून ती पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाली, तेव्हा आम्हाला वाटलं, आता ही कराडच्या घरात निवांत बसेल, संध्याकाळी संगमावर फिरायला जाईल, चार बायका जमवून भिशी लावेल. तिनं पहिल्याच महिन्यात झेरॉक्सच्या दुकानातून साडेतीनशे पानांचं एक बाड छापून आणलं, त्याला स्पायरल बाइंडिंग करून घेतलं आणि घरच्या घरी ईमेलचा सर्व्हर उभा करायला घेतला. "आपली पत्रं परक्याच्या कपाटात कशाला ठेवायची रं?" एवढंच तिचं म्हणणं. आमच्या अख्ख्या घराण्यात ही काळजी तोवर कुणालाच पडली नव्हती.

सर्व्हर म्हणजे एक जुना कॉम्प्युटर. तो स्वयंपाकघराबाहेरच्या मांडणीत, डाळींच्या डब्यांच्या वरच्या फळीवर बसला. लाइट गेली तर पंखा बंद, फ्रिज बंद, पण सर्व्हर इन्व्हर्टरवर चालूच. घरच्या इंटरनेटचा आकडी पत्ता अधूनमधून बदलतो आणि सर्व्हरला तो कायमचा लागतो, हे बाडात वाचल्यावर आत्या डबा घेऊन इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसात जाऊन बसली. सलग तीन दिवस. "पोस्टच रोज जागा बदलायला लागलं, तर पोस्टमननं जायचं कुठं?" हा प्रश्न तिनं तिथल्या साहेबापासून पाणी भरणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना विचारला. चौथ्या दिवशी पत्ता मिळाला. मग तिनं नात्यातल्या एकूण एक माणसाला, न विचारता, ईमेलचा पत्ता काढून दिला. त्यात जेमतेम रांगायला लागलेली दोन माणसंही होती.

पण अडतीस वर्षांची सवय सहजासहजी कुठली जायला! सर्व्हर सकाळी नऊला उघडायचा आणि संध्याकाळी पाचला बंद व्हायचा. रविवारी पूर्ण सुट्टी. ईमेल चोवीस तास चालते, हे मी तिला हात जोडून सांगितलं, तेव्हा तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि माणूस असो की मशीन, आठवड्यातून एक दिवस अंग टाकायला नको का, असं उलट मलाच विचारलं. बऱ्याच वाटाघाटी होऊन अखेर असं ठरलं, की रविवारी आलेली पत्रं आत घ्यायची, पण बटवडा सोमवारी सकाळीच. शिवाय जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी 'कराड, सकाळची डाक' किंवा 'कराड, दुपारची डाक' असा शिक्का आपोआप उमटायचा. शिक्क्याशिवाय पत्र म्हणजे तिला कुंकवाशिवाय पत्रिका पाठवल्यासारखं वाटायचं. माझा एक चुलतभाऊ पासवर्ड विसरला, तर त्याला तिनं आधारकार्ड आणि ओळखीचे दोन साक्षीदार घेऊन बोलावलं. तो तिच्या मांडीवर वाढलेला. तरीही साक्षीदारांच्या सह्या झाल्या, मगच नवा पासवर्ड मिळाला आणि वर पोहे मिळाले.

मात्र कुणाचंही पत्र तिनं कधी उघडून पाहिलं नाही की दाबून ठेवलं नाही. हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण त्यापायी तिचा सख्खा भाऊ तुटला आणि तो भाऊ म्हणजे माझे वडील, आबा. मी तरुण असताना मला पुण्याच्या नोकरीचं बोलावणं यायचं होतं. आबांची इच्छा, मी गावी आष्ट्यातच राहून उसाचं बघावं. आत्या तेव्हा आष्ट्याच्याच पोस्टात होती. आबा तिला म्हणाले, "तायडे, पोराचं पत्र आलं तर आठ दिस दाबून ठेव. मुदत टळू दे." तिनं भावाला च्या पाजला, वाटेला लावलं आणि पत्र आलं त्या दिवशी स्वतः येऊन माझी सही घेऊन माझ्या हातात दिलं. मी पुण्याला गेलो. पुढे फिरून गावाजवळ, कुपवाडच्याच एका कारखान्यात आलो, ही गोष्ट वेगळी. पण आबांनी तेव्हापासून बहिणीशी बोलणं टाकलं. लग्नकार्यात दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसायची आणि मला मधल्या मध्ये जेवण जायचं नाही.

असं असूनही आत्याच्या सर्व्हरवर आबांचं खातं होतं आणि आबांइतकं निष्ठावंत गिऱ्हाईक तिला दुसरं नव्हतं. बहिणीशी बोलायचं नाही म्हणजे नाही, पण सेवेबद्दल तक्रार करायला काय हरकत आहे? ते एका बोटानं मोबाइलवर लिहायचे. 'विषय: तक्रार. काल नातीचा फोटो आला नाही. ऊस तुटून गेला. बोअरला पाणी बरं आहे. म्हैस व्याली. तरी फोटो का आला नाही याचा खुलासा व्हावा.' कराडहून तासाभरात उत्तर जायचं. 'तक्रार क्रमांक ४१२ नोंदवली. चौकशी चालू आहे. म्हशीला काय झालं ते कळवावे.' मग आष्ट्याहून, 'रेडी. खुलासा लवकर करावा.' फोटो मिळालेला असायचा, हे मला ठाऊक, कारण तो आबांनी मला आधीच दाखवलेला असायचा. आत्यालाही ते ठाऊक होतं. त्या दोघांना जोडणारी तेवढी एकच वाट होती आणि ती डाळींच्या डब्यांवरून जात होती.

मग गेल्या वर्षी सर्व्हरला खोकला लागला. आत्याकडून गेलेली पत्रं मोठ्या ईमेल कंपन्यांकडे पोचेनात. काही रद्दीच्या कप्प्यात पडायची, काही परत यायची. एकेक करून सगळी नातेवाईक मंडळी त्याच कंपन्यांच्या फुकटच्या खात्यांवर निघून गेली. मी रजा टाकून कराडला गेलो. दिवसभर बाड चाळल्यावर दोष सापडला, तो नेमका त्या शिक्क्यात. पत्र निघताना सर्व्हर त्याला न दिसणारी एक मोहर लावतो. मोहर लागल्यावर एक अक्षर जरी वाढलं, तरी पलीकडचं यंत्र समजतं की वाटेत कुणीतरी पत्राला हात लावला. आत्यानं नुकतीच सर्व्हरची जुळणी बदलली होती आणि त्यात आधी मोहर लागत होती, नंतर शिक्का. मी खुशीत हे सांगितलं, पण तिचा चेहरा पडला.

"म्हंजे मी पत्रात फेरफार करते, असं म्हणत्यात व्हय?" ती म्हणाली. मी म्हणालो, "अगं, यंत्र आहे ते. शिक्का आधी, मोहर नंतर, एवढाच बदल करायचा. पाच मिनिटांचं काम." पण ती उठली आणि तिनं सर्व्हर बंद केला. "डाग लागलेलं ऑफिस मी चालवणार न्हाई." मी चार दिवस विनवण्या केल्या. ती डाळ निवडत बसली. मला मात्र एकच घोर, आष्ट्याची तक्रार आता यायची कुठून?

पाचव्या दिवशी सकाळी दाराची कडी वाजली. उघडून बघतो तर आबा! एसटीनं एकटेच आलेले, डोक्याला टोपी, हातात घडी घातलेला फुलस्केप कागद. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तक्रार द्यायची हाय. हापिस कुठं हाय?"

आत्या बाहेर आली. तिनं कागद घेतला, उभ्यानंच वाचला. मग हळूच म्हणाली, "हापिस बंद हाय, दादा. कंपन्या म्हणत्यात, मी पत्राला हात लावते."

"कोण म्हणतं?" आबा असे ओरडले की शेजारची माणसं गॅलरीत आली. "तू? आगं, मी सख्ख्या भावानं सांगून तू लावला न्हाईस, आन् आता लावशील? सांग त्येंला, मी साक्ष देतो म्हणून!"

आत्यानं पदर डोळ्यांना लावला. मी पोस्टमास्तरीणबाईंना रडताना पहिल्यांदाच पाहिलं आणि मलाही आवरेना. आबा तेवढे कोरडे, पण टोपी काढून उगाच झटकत होते.

त्याच दुपारी आम्ही शिक्का मोहरेच्या आधी आणला. पहिलं पत्र आबांना गेलं, ते समोरच बसले होते, खिशातला मोबाइल वाजला. आता पत्रं व्यवस्थित पोचतात. बहीण-भाऊ रोज सकाळी फोनवर बोलतात. परवा कराडला गेलो, तर आत्यानं तक्रारींचं रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं. पाचशे एकावर थांबलेलं, पुढची पानं कोरी. "एक तक्रार न्हाई बघ वर्षात," ती ऐटीत म्हणाली. मी तोंडभरून कौतुक केलं. तिनं रजिस्टर मिटलं, पुन्हा उघडलं.

"फोनवर काय रं, जेवलीस का, जेवलो, ठेवतो," ती म्हणाली. "तक्रारीत लय लिवायचा."