मामा विमानाने येणार

हैदराबाद ते जळगाव हे हवाई अंतर मी दोऱ्याने मोजलं होतं.

दोरा बायकोच्या शिवणाच्या डब्यातला आणि नकाशा मुलीच्या शाळेचा. (मोबाइलवर हे सगळं आयतं मिळतं, असं मुलगी म्हणाली. आयत्या उत्तरावर माझा विश्वास नाही!) अंतर पाचशे किलोमीटरच्या आतबाहेर निघालं. त्याला विमानाच्या वेगाने भागलं, चढण्या-उतरण्याची मिनिटं घातली आणि सव्वा तास असा निकाल जाहीर केला.

ही उठाठेव भाचीच्या लग्नासाठी होती. लग्न धुळ्याला, मुहूर्त दुपारचा, आणि अंतरपाटाच्या वेळी नवरीच्या पाठीशी उभा राहणारा सख्खा मामा मी एकटाच. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, म्हणणं होतं की दोन दिवस आधी रेल्वेने ये. मी तिला फोनवर सगळा हिशेब ऐकवला.

"दोरा ऱ्हाऊ दे भो," ती म्हणाली. "तू येळवर नही उना ते पोर रडी."

लग्नाच्या सकाळी विमान बरोबर सव्वा तासात जळगावला टेकलं. माझी छाती फुगली. अक्काचे दीर सुदामभाऊ गाडी घेऊन आले होते. पुढच्या रस्त्याला मी दोरा लावलाच नव्हता. धुळ्याचा रस्ता तो काय, लहानपणापासूनचा! पण त्या रस्त्यावर आमचे नातेवाईक राहतात.

पहिला थांबा जळगावातच, सुदामभाऊंच्या सासुरवाडीला. विमानातून उतरलेला पाहुणा बघायला शेजारीही जमले. सासऱ्यांनी सहज विचारलं, किती वेळ लागला? मी दोरा मागितला.

एरंडोलला आमचे चुलते, नाना, रस्त्यावरच उभे. (दारावरून चहा न घेता गेलं, तर आमच्याकडे वर्षभर बोलणं बंद होतं.) रेल्वे मनमाडवरून फिरून येते, मग विमान सरळ कसं येईल, अशी नानांना शंका. मी फरसाणाच्या बशीत शेवेचं हैदराबाद आणि शेंगदाण्याचं जळगाव मांडलं. नाना बोलता बोलता जळगाव खाऊन टाकायचे, की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

पारोळ्याच्या मावशीला विमान जेवायला कुठे थांबतं ते हवं होतं. तिला समजावत असतानाच अक्काचा फोन आला.

"कोठे शे तू? बठ्ठा मांडव तुनी वाट देखी ऱ्हायना."

निघालोच, असं मी म्हणालो. (निघालोच म्हणजे चपला अजून शोधायच्या आहेत.)

धुळ्याच्या मांडवात शिरलो तेव्हा लोक पंगतीला बसत होते. मुहूर्त कोणी थांबवला नव्हता. नवरीच्या पाठीशी चाळीसगावचा चुलतभाऊ उभा राहिला होता. तो आदल्या दिवशीच पॅसेंजरने येऊन निवांत झोपलाही होता. भाचीने मला पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. मी तिला जवळ घेतलं.

अक्का रागावली नाही. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि इतकंच विचारलं, "इमानले किती येळ लागना भो?"

"सव्वा तास," मी म्हणालो.

दिवसभरात हे उत्तर इतक्या थोडक्यात मी पहिल्यांदाच दिलं.