खंडित देवीच्या पाठीवरचा लेप

ठाण्याच्या शाळेत मी मास्तर होतो. पोरं मला रागासाठी ओळखत आणि गाव अक्षरासाठी. कागद लिहून हवा असला की पार कल्याणपासून माणसं आमच्या ओटीवर येऊन बसत.

एकदा तलावाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरलो आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टर सरळच बोलले, "हाड जुळेल, बोटांचं सांगता येत नाही." लिहिता येईना तर मास्तरकी कसली? घरी येऊन मी थयथयाट केला. बायकोने सरळ गाडी जुंपायला सांगितली.

"कोलशेतला एक म्हातारी हाडं बसवते. चला."

"मिठागरावरची अडाणी बाई माझा हात धरणार?"

"मोडलाय तो धरू दे की. तुमची जीभ धडधाकट आहे, तेवढी पुरे!"

म्हातारी अंगणात हाडसांधीचा वेल वाटत होती. तिचा पाटा पाहिला आणि मी दुखणं विसरलो. पाटा कसला, पालथी घातलेली कोरीव मूर्ती ती! कडेने मुकुट आणि कुंडल दिसत होतं. मिठागराचा बांध खणताना ही शेकडो वर्षांची देवी वर आली होती, दोन्ही हात तुटलेली. खंडित मूर्ती पूजायची नाही म्हणून गाव ती खाडीत सोडायला निघालं, तेव्हा म्हातारीच्या आजेसासूने मागून घेतली. तेव्हापासून त्या घरच्या सुना तिला नमस्कार करून तिच्या पाठीवर औषध वाटत आल्या होत्या.

माझ्यातला शास्त्री उसळला. "अगं बाई, खंडित मूर्ती घरात ठेवतेस? आधी विसर्जन कर तिचं!"

तिने मानही वर केली नाही. "मोरलेला सगला टाकाचा, त तुमचा हात बी खारीन टाकू का, मास्तर?"

बायको पदर तोंडाला लावून हसली. मी हात पुढे केला.

मग म्हातारीने डोळे मिटून मनगट चाचपलं. त्या घरात हाडं बसवायला शिकणाऱ्या सुनेला फुटकं मडकं गोणीत घालून देतात आणि बाहेरून चाचपत तुकड्याला तुकडा जुळवायला लावतात. म्हातारीने दोन वर्षं तेच केलं होतं. काय त्या बोटांची कमाल! आत कुठे काय सरकलंय ते तिने मला दुखण्याआधी सांगितलं. मग एक हिसका दिला. मी अशी बोंब ठोकली की शेजारणी धावत आल्या. वर लेप, बांबूच्या कामट्या, घट्ट पट्टी. दीड महिना बोरूला शिवायचं नाही, अशी ताकीद मिळाली.

दीड महिना मी घरादाराला छळलं. झोपेतही बोटं गळून पडलेली दिसत.

पट्टी सोडली तेव्हा हात काटकीसारखा झाला होता. "मूठ मिटा," म्हातारी म्हणाली. मला धीर होईना. अंगठा वळला. तर्जनी वळली. मग करंगळीसुद्धा! मला भर अंगणात रडू फुटलं. सोवळ्याओवळ्यापायी आयुष्यभर भांडलेला मी, सगळ्या वस्तीदेखत खाली वाकलो आणि दोन्ही हात तिच्या पायांवर ठेवले.

ती कडाडली, "अरं मास्तर, जोर नको देऊ त्या हातावर!"