गावंडे सरांची मोजणी

गावंडे सर मोजणीच्या खोलीत शिरले की सगळ्यात आधी पंखा बंद करायचे. फेब्रुवारीच्या अखेरीस, अकोल्यात, भर दुपारी. परीक्षकांचे कागद उडता कामा नयेत, एवढंच त्यांचं म्हणणं. मग आतून कडी, खिडक्या बंद, आमच्या दोघांचे मोबाईल टेबलाच्या खणात आणि खणाची किल्ली त्यांच्या खिशात. चहाबरोबर आलेले समोसेसुद्धा निकाल लागेपर्यंत झाकलेले राहत. "तेलाच्या बोटानं आकडा पुसते, मास्तर. समोशानं निकाल बदलवला असं नको व्हायले," असं ते मला गंभीर चेहऱ्यानं सांगत आणि मी घाम पुसत समोशांकडे बघत बसे.

ते आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचे, मी मराठी. दरवर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेत मोजणी त्यांची आणि मदतीला मी. परीक्षक तीन. प्रत्येक जण शंभरपैकी गुण देई, पण सर गुणांची बेरीज कधीच करत नसत. प्रत्येक कागदावर आधी क्रम लावायचा: सगळ्यात जास्त गुण त्याला एक, त्याच्याखालच्याला दोन. मग तिघांचे क्रम मिळवायचे आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो पहिला. पहिल्या वर्षी मला हे उगाच वाकडं वाटलं होतं. तेव्हा ते म्हणाले, "एकाचा हात सढळ रायते, एकाचा आखडता. मार्कं जोडले का सढळ हातवाल्याचंच राज्य. बाकीचे दोघं कायले बसवले मंग?"

दुसरा नियम त्याहून कडक. कोणी कोणाला किती दिले, हे खोलीबाहेर जायचं नाही. कागद पाकिटात, पाकिटावर सह्या, पाकीट कपाटात. "परीक्षकाले याच गावात राहा लागते," हे त्याचं कारण. एका वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवली होती, पहिलं कोण आलं म्हणून. सरांनी ती न उघडता त्याच फटीतून परत सरकवली. मला हसू आवरेना.

अशा माणसावर ती दुपार आली. स्पर्धेत अध्यक्षांचा पुतण्या होता आणि बार्शीटाकळीहून एसटीनं आलेली प्रणाली होती. बापाच्या भाजीच्या दुकानावर बसून पाठ केलेलं भाषण तिनं असं केलं की सभागृह उभं राहिलं. परीक्षकांतले वकीलसाहेब तर डोळे पुसत होते. पहिला येणारा अमरावतीच्या विभागीय फेरीला जाणार होता आणि तिथे कोण जाणार, याबद्दल कोणाला शंका उरली नव्हती.

आम्ही कडी लावली. मी आकडे वाचत गेलो, सर लिहीत गेले. दोघा परीक्षकांनी पुतण्याला प्रणालीपेक्षा एकेक गुण जास्त दिला होता. वकीलसाहेबांनी मात्र तिला शहाण्णव आणि त्याला सत्तर. गुण मिळवले असते तर ती चोवीस गुणांनी पुढे होती. क्रम मिळवले तर त्याचे चार, तिचे पाच. आम्ही कागद आपसात बदलून पुन्हा मोजलं. तेच आलं.

सरांनी पेनाला टोपण लावलं. त्यांची सून आमच्याच संस्थेत होती आणि तिचा कायम होण्याचा आदेश यायचा होता, हे सगळ्या स्टाफला ठाऊक होतं. मी म्हटलं, सर, या एका वर्षी बेरीज करू. आत आपण दोघंच आहोत, कोणाला कळणार आहे? आणि खरं तर तीच पहिली आहे.

"मले काय समजत नाही का?" ते म्हणाले. "मलेबी तेच वाटते. पन सकाळी माइकवरून नियम मीच वाचला न? आता निकाल पाहून नियम बदलवू? आपण मोजणारे आहो, मास्तर. निवडणारे नाही."

बाहेर पोरं दार वाजवत होती. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं.

पुतण्याचं नाव पुकारलं तेव्हा शिट्ट्या पडल्या. क्रमाच्या पद्धतीनं निकाल लावला आहे, असं सर माइकवर म्हणाले, तर लोक आणखीच हसले. पुढे काही सांगायचं तर त्या दोन परीक्षकांना अध्यक्षांचे चमचे ठरवण्यासारखं होतं. म्हणून ते खाली उतरले. जूनमध्ये सून कायम झाली, व्हायचीच होती. पण मग गावाला पुरावाच मिळाला. स्टाफरूममध्ये ते आले की बोलणं थांबायचं. मी एकदा चिडून विचारलं, एवढं कशाला ऐकून घेता? "बोलू दे," म्हणाले आणि वह्या तपासत राहिले. त्यांना ते लागत नव्हतं असं नाही. त्या वर्षानंतर त्यांनी मोजणी मागितली नाही आणि त्यांना कोणी बोलावलंही नाही.

यंदा ते गेले. शोकसभेला प्रणाली अमरावतीहून आली होती. आता तिथे शिकवते. माझ्या शेजारीच बसली. वकीलसाहेब बोलायला उठले. सरांच्या शिस्तीचं पुष्कळ कौतुक केलं आणि शेवटी मन मोकळं केल्यासारखं म्हणाले, "माणूस सोन्याचा होता. एक निकाल सोडला, तर."

लोकांनी माना हलवल्या. प्रणालीनं हळूच विचारलं, "सर, तुमी होते न आत? खरं सांगा."

"निकाल खरा होता," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "मंग उठून सांगा न."

मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. पहिल्या रांगेत ते दोघे परीक्षकही बसले होते, म्हातारे, हातात फुलं घेऊन.

मी उठलो नाही.