आवडाबाईचं फोडणं

रेवदंड्याच्या आवडाबाईला कुणाचं कौतुक करणं कधी जमलं नाही. नवऱ्याची होडी तिच्या लेखी सरपण, सुनेची भाकरी चामडं, आणि पंचावन्न साली देवळात प्रौढांचा वर्ग चालवायला आलेले शिवदास मास्तर म्हणजे इस्त्री केलेलं बुजगावणं. तरी ती वर्गाला जाई, कारण शेजारणी जात. चाळीस वर्षं ओहोटीला खडकावर बसून शिंपल्यांतली कालवं फोडणाऱ्या हातात आता पाटी आली.

एका संध्याकाळी मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, ‘फोडणे’. म्हणाले, “अर्थ, तुकडे करणे. मडके फोडणे, काच फोडणे.”

“आनि कालवं?” आवडाबाईनं विचारलं.

“तेच. तुकडे करणे.”

“तुकडं केलं तर खाल काय, शिंपले?” बायका फसकन हसल्या. “मास्तर, तुमी पाकीट फोडता तवा आतली चिठ्ठी फाडता काय? बंद हाय ते आतल्याला धक्का न लावता मोकळं करायचं. त्याला आमी फोडनं म्हनतो.”

मास्तर लाल झाले. “आवडाबाई, शब्दांचं आमच्यावर सोडा. तुम्ही आधी सरळ ‘क’ काढा!”

आता बायका तिला हसल्या.

मास्तरांना कालवांची भारी आवड. दर आठवड्याला आवडाबाईकडून वाटीभर सोललेली कालवं त्यांच्या बिऱ्हाडी जात. या खेपेला तिनं टोपलीभर बंद शिंपलेच दारात ओतले.

“हे असे कसे?” मास्तर म्हणाले.

“अर्थ तुमाला ठावा हाय. फोडा!” म्हणून ती चालू पडली.

मास्तरांनी वरवंटा उचलला. पायरीवर दणादण चुरा झाला, पाणी सदऱ्यावर उडालं आणि अंगठा चांगलाच चिरला. कालवणात इतकी कच निघाली, की ते मांजरानंही सोडलं.

दुसऱ्या दिवशी अंगठ्याला चिंधी बांधून मास्तर वर्गात आले. आवडाबाई पुढंच बसली होती. त्यांनी तिच्याकडे न बघता फळा पुसला आणि ‘बसणे’ हा शब्द घेतला.

“ह्यो जमंल तुमाला,” आवडाबाई म्हणाली.

पुढं महिनाभरात ती स्वतःचं नाव लिहायला शिकली, आणि त्याच दिवशी पाटी मास्तरांच्या पुढ्यात ठेवून तिनं वर्ग सोडला. सुनेनं विचारलं तर म्हणाली, “त्याच्याकडं होतं तेवढं घेतलं.”