काळे सरांचे खुलासे

काळे सरांची आणि माझी पहिली भेट पंख्यामुळे झाली. जिंतूरची एस.टी. चुकलेली, मानवतच्या मोंढ्यात ज्वारीच्या गाड्यांची दाटी, वर ऊन असं की जीव नकोसा झालेला. बियाण्याच्या दुकानावरच्या माडीत पंखा फिरताना दिसला, म्हणून मी जिना चढलो. पंखा माणसांसाठी नव्हताच, तो कॉम्प्युटरसाठी होता. चष्म्याच्या वरून पाहत सरांनी विचारलं, "काय पाहिजे?"

"काही न्हाई सर, बसतो जरा."

"रिकामं बसू नका. टायपिंग करत बसा."

ती एस.टी. गेली, त्यानंतर कितीतरी गेल्या. एका तंबू-सिनेमाबरोबर दोन तालुके हिंडलेला, दहावीला दोनदा आपटलेला मी या माडीवर टिकलो कसा, हे माझ्या घरच्यांना अजून कळलेलं नाही. त्या तंबूवाल्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. पण विषय सरांचा आहे.

श्री. मधुकरराव काळे सरांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. मुदतीआधी नोकरी सोडून ज्या वर्षी त्यांनी कॉम्प्युटर घेतला, त्या वर्षी त्यांना शहाणं म्हणणारा माणूस मानवतमध्ये नव्हता. कालव्याच्या पाण्याची पाळी, म्हणजे कोणत्या गावाला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं, हे कॉम्प्युटरवर बसवून देण्याचं काम त्यांनी मिळवलं. प्रकाश, सलीम आणि मी असे तिघं ते काम करायचो.

आता सरांच्या त्या नियमाबद्दल. या नियमानं आमचे केस पांढरे केले.

प्रोग्राम म्हणजे मशीनला दिलेले हुकूम, एकाखाली एक. ज्या ओळीच्या आरंभी तारा काढलेला असेल, ती ओळ मशीन वाचत नाही. ती माणसांसाठी असते. सरांचा दंडक असा, की प्रत्येक हुकुमाचा खुलासा त्याच्या डोक्यावरच, ताऱ्याच्या ओळीत लिहायचा. वेगळी वही ठेवायची नाही. "प्रोग्राम बदलतो आणि वही तशीच राहते. मग ती वही खोटं बोलायला लागते," असं सर म्हणत. हे खुलासे गोळा करायला त्यांनी स्वतः एक प्रोग्राम लिहिला. आम्ही त्याला चाळणी म्हणायचो. चाळणी सगळ्या फायलींतून फिरायची, ताऱ्याच्या ओळी तेवढ्या उचलायची आणि त्यांचं अनुक्रमणिकेसकट पुस्तक करून छापायची.

ऐकायला हे छान वाटतं. रोज करून पाहा! एका बेरजेवर सर तीन ओळींचा खुलासा मागायचे. मी लिहिलं, "इथे बेरीज केली." सर म्हणाले, "ते मशीनलाही दिसतंय, बालाजीराव. का केली ते लिहा." सरांनी नावापुढं राव लावलं की समजावं, आजची संध्याकाळ गेली.

पण एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. एकदा मी कुणाला न सांगता पाथरीच्या जीपमध्ये बसलो आणि तिथून पुढं कुठं कुठं भटकत राहिलो. परत आलो तेव्हा धरून चाललो होतो, की आपली खुर्ची दुसऱ्याला दिलेली असणार. माझी अर्धवट फाईल उघडली. जिथं सोडली होती तिथं सरांनी ताऱ्याची एक ओळ लिहून ठेवली होती: "येथून पुढचे बालाजी आल्यावर." ती ओळ नंतर चाळणीनं इमानानं पुस्तकात छापली, आणि सलीमनं ती येईल त्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवली.

ते पुस्तक कालव्याच्या कचेरीत देणं भाग होतं. रब्बीच्या पहिल्या पाळीआधी पुस्तक हाती पडलं नाही तर काम बाहेरच्या कंपनीकडं जाणार, असं तिथल्या साहेबांनी बजावलं होतं. काम गेलं असतं तर माडीला कुलूप लागलं असतं आणि आम्ही तिघं तीन दिशांना गेलो असतो.

आम्ही पुस्तक छापून घेऊन गेलो. साहेबांनी अनुक्रमणिका उघडली आणि त्यांच्या भुवया चढल्या. प्रकरण पहिलं: श्री. दुसरं: श्री. तिसरं: जयभीम. चौथं: ७८६. पाचवं: पुन्हा श्री.

झालं होतं असं, की आपल्याकडं कोऱ्या कागदावर पहिली ओळ कुणी कामाची लिहीत नाही. मशीनपुढंही आमचा हात तसाच वळला. मी श्री लिहायचो, प्रकाश जयभीम, सलीम ७८६. तारा लावला की मशीन काही कुरकुर करत नव्हतं. चाळणी मात्र प्रत्येक फाईलमधली पहिली ताऱ्याची ओळ प्रकरणाचं नाव म्हणून उचलायची.

साहेब आधी हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "काळे सर, बाकीचं चालंल. ते जयभीम तेवढं काढा. दिवस कसले आहेत, तुम्हाला माहीत आहे."

माहीत कुणाला नव्हतं! विद्यापीठाच्या नामांतराचा विषय निघाला की चहाच्या टपरीवर माणसं बाकडं बदलून बसत होती. प्रकाश खाली मान घालून म्हणाला, "काढा सर. माझ्यापायी काम जायला नको."

सर म्हणाले, "काढायचं तर सगळ्यांचं काढीन, नाहीतर कुणाचंच नाही. आणि चूक या पोरांची नाही, माझ्या चाळणीची आहे. मला चार दिवस द्या."

कचेरीचा जिना उतरताना मी म्हणालो, "सर, पांढऱ्या शाईनं सगळी पुसू की! दहा मिनिटांचं काम."

"छापलेल्या पुस्तकाला हात लावायचा नाही. मुळात दुरुस्त करा, मग पुन्हा गाळा."

सलीम कपाळाला हात लावून म्हणाला, "सर, लाइटीचं काय? ती आपल्या बापाची हाय का?"

ती नव्हतीच. प्रत्येक फाईल उघडायची, दोन तारे लावून प्रकरणाचं खरं नाव लिहायचं, आणि जतन करायच्या आत वीज जायची. पुन्हा पहिल्यापासून. तिघंही सरांवर इतके चिडलो होतो, की चहासुद्धा वेगवेगळा प्यायलो. सर शांतपणे चाळणी दुरुस्त करत होते. आता चाळणी दोन ताऱ्यांची ओळ प्रकरणाचं नाव म्हणून घेऊ लागली. पहिली ओळ मात्र सरांनी टाकून दिली नाही. प्रकरणाच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव आणि त्यानं केलेलं वंदन, असं ते छापून येऊ लागलं.

नवं पुस्तक साहेबांनी बराच वेळ चाळलं. जयभीम दिसलं तिथं थांबले आणि पान उलटलं. मग त्यांनी एक अवघड प्रश्न काढला: शेवटच्या गावाला पाणी पोचेपर्यंत वाटेत जे मुरतं, ते कुणाच्या वेळेत धरलं आहे? सर म्हणाले, "मला विचारू नका. खाली ज्याचं नाव आहे त्याला विचारा."

प्रकाशनं उभ्याउभ्या सांगायला सुरुवात केली. थोड्या वेळानं साहेबांनी त्याच्याकडं खुर्ची सरकवली, आणि निघताना म्हणाले, "दर पाळीला यांनाच पाठवत जा."

काम राहिलं. माडी राहिली. आम्ही तिघंही राहिलो, आणि मी एका जागी राहिलो हे तर आक्रीतच. सरांनी या यशाचा आनंद कसा साजरा केला? दुसऱ्या दिवशी सांगितलं, "मागच्या वर्षीच्या फायलींतले खुलासे फार त्रोटक आहेत. पुन्हा लिहायला घ्या."

ते आम्ही अजून लिहितोच आहोत. सरांना गोड वर्ज्य आहे आणि पेढे कुठं दडवलेले असतात हे आम्हाला ठाऊक आहे. ते त्यांनी सोडावेत. डोळ्यांना जपावं, जिना सावकाश चढावा. त्यांना धडधाकट, उदंड आयुष्य लाभो, आणि या माडीवर त्यांचा त्रास आम्हाला आणखी पुष्कळ वर्षं होत राहो.