गिटारवर टेकलेली हनुवटी

२००४ च्या सुमारास प्लेनो या अमेरिकन शहरात आमच्या घराजवळच्या बार्बेक्यूच्या हॉटेलात शनिवारी दुपारी एक गायक साथीदारांसह कंट्री, म्हणजे तिकडची गावाकडची गाणी गात असे. मुलांच्या हट्टापायी आम्ही तिथे जायचो. मी आपला मका आणि बटाटे खायचो.

कडवं संपलं की तो गिटार उचलून तिच्या कडेवर हनुवटी टेकवायचा आणि डोळे मिटून वाजवायचा. "आता लग्नच कर तिच्याशी!" असं कोणीतरी हमखास ओरडायचं.

एकदा मध्यंतरात तो पार्किंगमध्ये दिसला. मी त्या अदेचं कौतुक केलं. त्याने माझ्या ओठांकडे पाहत मला पुन्हा बोलायला लावलं.

"अदा कसली? डावा कान गेलाय, उजवाही चाललाय. हाडातून सूर कळतो, म्हणून टेकवतो."

"मग कानाला मशीन लावा ना."

"बहिऱ्या गायकाला कोण बोलावतं, सर? प्रेमात पडलेल्याला बोलावतात."

त्या दुपारी शेवटचं गाणं संपलं. साथीदारांनी वाद्यं खाली ठेवली. हा मात्र हनुवटी टेकवून वाजवतच राहिला. हाडातून त्याला फक्त स्वतःची गिटार कळत होती. त्याच्या खांद्याला हात लावावा असं मला वाटलं, पण मग सगळ्यांनाच कळलं असतं. मी बसून राहिलो.

लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या, लोक बिलं मागवू लागले, तरी तो डोळे मिटून वाजवत होता.